एकवीस नंबरची जोडी

बेमालूमकाकांचा उजवा हात फारसा कुणी पाहिलेला नव्हता, कारण तो कामात मोज्यात आणि एरवी सदा खिशात. भाचीच्या लग्नाचे फोटो काढून बघा. सगळं गोत दात काढून उभं, आणि काका मागच्या रांगेत, उंच मेहुण्याच्या आडोशाला, हात पँटच्या खिशात कोंबून. कुणी ओळख करून घ्यायला हात पुढे केला की काका मान एवढी वाकवायचे की समोरचा गोंधळून आपला हात मागे घ्यायचा. पंधरा वर्षांपूर्वी पट्ट्याच्या करवतीने त्या हाताची तर्जनी मुळापासून नेली होती. एक बोट ते काय, असं म्हणणाऱ्याने एकदा तर्जनीशिवाय शर्टाचं बटण लावून पाहावं.

नाव मात्र त्याच्याही आधीचं, आणि कमावलेलं. काका संग्रहालयाच्या मागच्या अंगाला असलेल्या दुरुस्तीखात्यात कारागीर. मोडकी कुलपं, जुन्या पेट्या, बंदुका, जे येईल ते त्यांच्या टेबलावर. बावीस वर्षांपूर्वी तिथे घोडदळातलं एक चकमकीचं पिस्तूल आलं. सगळं ठाकठीक, फक्त मुठीच्या मानेवर मागच्या बाजूला एक खळगा आणि उजव्या अंगाला बोटभर लांबीची खाच. उंदरांनी खाल्लं म्हणा, कुणी चाकूने चाळा केला म्हणा. काकांनी जुन्या कपाटाची अक्रोडी फळी पैदा केली, तिच्यातून लाकडाच्या रेषेला रेष जुळेल असा तुकडा काढला, सरस लावून बसवला, घासला, तेल दिलं. तेव्हाचे संचालक भिंग घेऊन तासभर जोड शोधत बसले. शेवटी भिंग ठेवून म्हणाले, "बेमालूम!" झालं. त्या दिवसापासून आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

पुढे तर तो एक रिवाजच पडून गेला. खात्यात नवीन कुणी शिकायला आलं की ते पिस्तूल कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवायचं आणि सांगायचं, जोड दाखव. बावीस वर्षांत एकालाही दाखवता आला नव्हता. काका कोपऱ्यात कानस घासत बसलेले असायचे आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायचे. लक्ष कुठलं नसतं! स्तुती कुणाला नको असते हो? काकांनी ती बावीस वर्षं रोज थोडी थोडी चघळली होती.

अशात एका सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या बाई हातात एक लांबट खोका घेऊन खाली आल्या. बाई म्हणजे शस्त्रदालनाच्या प्रमुख. वय पस्तिशीच्या आत, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. त्याही कधीकाळी त्या पिस्तुलावर जोड शोधून दमलेल्या.

"काका, डोळे मिटा."

"बाई, माझं वय काय, तुमचं वय काय..."

"मिटा हो!"

काकांनी मिटले. टेबलावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. उघडून पाहतात तर समोर त्यांचंच पिस्तूल. म्हणजे तेच नव्हे, पण तसंच. तीच हातभर लांबी, तीच गोल लोखंडी नळी, तीच पितळी कमान चापाभोवती. खोगिरं शिवणाऱ्यांचं एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथल्या माळ्यावर, कुजलेल्या खोगिराच्या चामडी कप्प्यात हे सापडलं होतं.

"मुठीची टोपी बघा," बाई म्हणाल्या.

मुठीच्या बुडाला पितळेची जाड टोपी होती आणि तिच्यावर कोरलं होतं ३, आणि खाली २१. तिसरी तुकडी, एकवीस नंबरचा स्वार. काकांना तो आकडा तोंडपाठ होता. कपाटातल्या पिस्तुलावर हाच होता.

"जोडी!" काका उठून उभेच राहिले. "अहो, ही जोडी आहे!"

स्वाराकडे पिस्तुलं दोन असायची, खोगिराच्या पुढे, एक डाव्या गुडघ्यापाशी, एक उजव्या. दोनशे वर्षांत लढायांतून, मोडींतून, मुलांच्या खेळण्यांतून वाचून दोघं भाऊ एका शहरात सापडावेत याला नशीबच लागतं. बाई तर आनंदाने टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या.

"नऊ दिवसांनी नवं दालन उघडतंय. मधल्या कपाटात ही जोडी. काका, ह्याच्याही मुठीला तसाच खळगा आहे बघा, तीच खोड. तुम्ही पहिल्याला केलंत ना, अगदी तसंच ह्याला करा. दोन्ही सारखी दिसली पाहिजेत. आणि उद्घाटनाला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, जोड शोधून दाखवा म्हणून."

"करतो की," काका म्हणाले. "त्यात काय."

बाई गेल्या आणि काकांनी पिस्तूल आधी नुसतंच बघून घेतलं. ही त्यांची सवय. हत्याराला हात लावण्याआधी ते घडवणाऱ्याला मनातल्या मनात दाद द्यायची. आणि दाद द्यावी असंच काम होतं ते. पिस्तुलाच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी, चामड्याच्या घडीत आवळलेली. चाप ओढला की घोडा खाली येणार, गारगोटी पोलादी पात्यावर घासणार, पातं मागे पडता पडता ठिणग्या बशीतल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर दारूवर, सांडणार, आणि बारीक भोकातून आग नळीत शिरणार. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. आणि तेही घोडा चौखूर सुटलेला असताना, डाव्या हातात लगाम धरून!

काकांचा जीव मात्र सगळ्यात जास्त त्या गजावर. दारू आणि गोळी नळीत ठासायला लोखंडी गज लागतो. आता घोड्यावर बसून ठासताना तो हातातून निसटला तर? स्वार काय खाली उतरून गवतात शोधत बसणार? म्हणून कुणा शहाण्याने तो गज नळीच्या तोंडाशी एका छोट्या बिजागरीने कायमचा बांधूनच टाकला. बाहेर ओढा, उलटा फिरवा, नळीत घाला, ठासा, परत जागेवर. पडायचा म्हटला तरी पडत नाही. शाळेची मुलं आली की काका हे डाव्या हाताने करून दाखवायचे आणि म्हणायचे, "हा ज्याने काढला ना, तो कधीतरी घोड्यावरून गज पाडून बसलेला असणार." मारा म्हणाल तर दहा पावलांवर. त्यापुढे सगळा देवाचा हवाला. एकदा झाडलं की संपलं, मग पिस्तूल उलटं धरायचं आणि त्या पितळी टोपीने समोरच्याचं टाळकं शेकायचं. टोपी जड केली होती ती काय शोभेला नव्हे.

दाद देऊन झाली आणि काका कामाला लागले. कपाटातलं पहिलं पिस्तूल मागवून शेजारी ठेवलं. जुनी वही काढली. वहीत त्यांनी बावीस वर्षांपूर्वी खळगा बुजवण्याआधी त्याच्यावर पातळ कागद दाबून, पेन्सिल फिरवून ठसा घेतलेला होता. माप मिळेल म्हणून तो कागद त्यांनी नव्या पिस्तुलाच्या खळग्यावर धरला.

कागद बसला. कडेला कड, खोलीला खोली. उजव्या अंगाची खाचही जिथल्या तिथे.

काकांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला. चष्मा पुसला. उंदीर दोन पिस्तुलं एकाच मापाने खात नाहीत. चाळा म्हणून चाकू चालवणारा दोनदा तोच चाळा करत नाही. त्यांनी भिंग घेतलं. खळग्याच्या आत कानशीचे बारीक, एका दिशेचे फराटे होते आणि त्यांच्यावर तेलाचं, घामाचं, हाताळण्याचं काळपट तेज चढलेलं. हे मोडलेलं नव्हतं. हे कुणीतरी बसून, मन लावून केलेलं होतं.

मग त्यांचं लक्ष चापाकडे गेलं. चाप किंचित उजवीकडे वाकवलेला होता. आणि काकांना, नको असताना, आठवलं. पहिल्या पिस्तुलाचा चापही असाच वाकडा होता. त्यांनी तो तापवून सरळ केला होता. वहीत तसं लिहिलेलंही होतं, "चाप वाकडा, सरळ केला."

खात्यात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. काकांनी उजव्या हाताचा मोजा काढला. संग्रहालयाचे मोजे पाच बोटांचे, त्यामुळे काकांच्या मोज्याचं एक बोट त्यांच्या बायकोने कापून शिवून टाकलेलं. त्यांनी उघड्या हाताने पिस्तूल उचललं, आणि हात आपोआप वर सरकला. अंगठ्याचं बेचकं त्या खळग्यात जाऊन बसलं. उजव्या खाचेत तळव्याची कड टेकली. मधलं बोट सरळ कमानीत शिरलं आणि वाकड्या चापावर आलं. काही धडपड नाही, काही शोधाशोध नाही. पंधरा वर्षांत काकांच्या हातात कुठली वस्तू अशी बसली नव्हती.

एकवीस नंबरच्या स्वाराला तर्जनी नव्हती.

काका खाली बसले. बावीस वर्षांपूर्वी त्यांची पाचही बोटं शाबूत होती. तेव्हा त्यांनी हे पिस्तूल शंभरदा हातात घेतलं असेल, आणि दर वेळी ते हाताला बोचलं होतं. बोचतंय म्हणजे बिघडलंय, असं त्यांनी धरलं. मग बोचणारं सगळं काढून टाकलं, आणि त्यावर नाव कमावलं.

त्या दिवशी काका लवकर घरी गेले. बायकोने चहा ठेवला. तिचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं, नजर अशी की धागा उसवायच्या आधी तिला कळायचं.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"कुठे काय."

"चहात साखर घालायला विसरले मी. तुम्ही अर्धा कप प्यायलात आणि हूं की चूं नाही."

मग काकांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचं लक्ष खिडकीखालच्या फळीकडे होतं. तिथे त्यांच्या घरच्या कानशी आणि पटाश्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीच्या मुठीवर खाटेच्या जुन्या नवारीच्या पट्टीचे वेढे, कुठे जाड, कुठे पातळ, वर टाके. बोट गेलं त्या वर्षी काका चार महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. कानस धरली की हातात फिरायची. आता हा धंदा आपल्यासाठी संपला, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. बायकोने एक शब्द वाद घातला नाही. ते झोपलेले असताना त्यांचा हात उचलून मापं घेतली आणि एका आठवड्यात सगळ्या मुठी बांधून फळीवर ठेवून दिल्या. पाचव्या महिन्यात काका कामावर हजर.

"त्या स्वारालाही कुणीतरी असं करून दिलं," काका म्हणाले. "रिसाल्याबरोबर फिरणारा मिस्त्री असणार. विचार कर, पिस्तूल सरकारी. त्याला चाकू लावला तर फटके. लगाम डाव्या हातात धरायचा हा नियम, म्हणजे हत्यार उजव्या हातानेच चालवायला हवं. तर्जनी गेली की स्वाराला घोड्यावरून उतरवून घरी पाठवायचं, घोडा दुसऱ्याला. आणि हा पठ्ठ्या बसला असेल एखाद्या राहुटीत, कानस घेऊन, एक नाही, दोन पिस्तुलं! डावीकडचंही आणि उजवीकडचंही! काय हात असेल त्याचा. काय छाती असेल. आणि मी काय केलं? मी ते बुजवून टाकलं आणि वर शाबासकी घेतली."

"मग सांगा की बाईंना."

"सांगू? अगं, सगळी इमारत मला ज्या कामावरून ओळखते ते काम चूक होतं, असं सांगू? नाव जाईल माझं."

"जाऊ दे गेलं तर," ती कप उचलत म्हणाली. "मी तुम्हाला तसंही कधी बेमालूम म्हटलेलं नाही. घोरता त्याचा आवाज तीन घरं पलीकडे जातो."

काका हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माणूस आहे, एवढं सोपं नसतं ते. उलट त्यांनी जुन्या फळीतून नवा तुकडा कापला. हात सवयीने चालत राहिला. रेष जुळली, कड जुळली, तुकडा खळग्यात असा बसला की त्यांना स्वतःलाच घाम फुटला. आता फक्त सरस लावायचा बाकी. एकदा सरस वाळला की जगाच्या पाठीवर कुणालाही कळणार नव्हतं की एकवीस नंबरचा एक स्वार होता, त्याला एक बोट कमी होतं, आणि त्याचा कुणीतरी एवढा विचार केला होता. काकांच्या हाताची सफाईच तेवढी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या सफाईची भीती वाटली.

चौथ्या दिवशी बाई स्वतःच खाली आल्या. तुकडा खळग्यात नुसता ठेवलेला बघून त्यांनी टाळीच वाजवली.

"अजून चिकटवलाही नाही आणि जोड दिसत नाहीये! काका, तुम्हाला खरं सांगू? कॉलेजात असताना आमची इथे सहल आली होती. तुमचं ते पिस्तूल हातात दिलं होतं मला. त्या दिवशी ठरवलं, आपण हेच करायचं."

आता झाली का पंचाईत! काकांनी तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी पंधरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. उजवा हात खिशातून काढला आणि दिव्याखाली टेबलावर ठेवला.

 चार वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचा उघडा हात बाई पहिल्यांदा बघत होत्या.

"आता हे बघा," काका म्हणाले आणि त्यांनी पिस्तूल उचललं. बेचकं खळग्यात, मधलं बोट चापावर. मग ते बाईंच्या हातात दिलं. "तुम्ही धरा."

बाईंनी धरलं. बोचलं. त्यांनी पकड बदलली, तरी बोचलं. त्यांनी तर्जनी दुमडून घेतली आणि मधलं बोट चापावर नेलं. आणि मग स्टूल ओढून त्या खालीच बसल्या. काकांनी वही उघडली, ठशाचा कागद दाखवला, "चाप वाकडा, सरळ केला" ही ओळही दाखवली. काहीही झाकून ठेवलं नाही.

"पहिल्यातलं मी बुजवलंय, बाई. ज्याच्यावरून तुम्ही ह्या धंद्यात आलात ना, तेच."

बाईंनी ठशाचा कागद उचलून दिव्याला धरला. बोलल्या तेव्हा आवाज कामाचा होता. "काका, तुकडा बसवताना खालचं लाकूड तासलं होतं का तुम्ही? खळगा आत शिल्लक असेल का?"

हाच प्रश्न काका तीन दिवस स्वतःला विचारत होते. तुकडा घट्ट बसावा म्हणून शंभरातले नव्वद कारागीर आधी खळगा तासून सपाट करतात. वहीत त्याबद्दल अक्षर नव्हतं.

"आठवत नाही," ते म्हणाले. "चिकटवलाय मात्र सरसाने. गुरुजींची शिस्त होती, जे लावाल ते पुढच्याला सोडवता आलं पाहिजे. ऊब आणि ओल दिली की सुटेल. परवानगी द्या, मी उघडतो."

"तुमचं सगळ्यात नावाजलेलं काम आहे ते."

"म्हणून तर मीच उघडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पहिलं पिस्तूल घेऊन बसले, आणि इथे एक मजाच झाली. काकांना जोड सापडेना! भिंग लावलं, दिवा तिरपा धरला, नखाने चाचपून पाहिलं. कुठे अक्रोड संपतो आणि कुठे अक्रोड सुरू होतो, देव जाणे. बाई शेजारी ओठ दाबून उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काका, जोड दाखवा."

"हसा, हसा," काका वैतागून म्हणाले. "कोण गाढव होता हा कारागीर!"

अखेर वहीतला कागद मुठीवर ठेवून, त्याच्या कडेने खडूची रेघ मारून त्यांनी जागा ठरवली. ओल्या कापसाची पट्टी, तिच्यावर कोमट पातं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा. घाई केली तर मूळ लाकूड फुगणार. दुपार होत आली तेव्हा खडूच्या रेघेवर केसाएवढी भेग दिसली आणि सरसाचा जुना वास आला. काकांनी पातळ पातं घातलं. नवारीने बांधलेली मूठ, त्यांच्या हातात न फिरणारी. तुकडा अख्खा सुटून तळव्यावर आला.

दोघांनी वाकून पाहिलं.

मागचा खळगा होता. तळापर्यंत शाबूत. सरस धरावा म्हणून काकांनी त्याच्यावर आडवेतिडवे ओरखडे मारले होते, ते त्या काळ्या तेजावर पांढुरके दिसत होते, पण घडण तीच होती. उजव्या अंगाची खाच मात्र अर्धी उरली होती. उरलेली अर्धी काकांनी सरळ सपाट तासून टाकली होती. हात चांगला चालत होता त्या दिवशी, त्याचा हा पुरावा.

काकांनी पिस्तूल हातात घेतलं. बेचकं बसलं. तळव्याची कड मात्र जिथे टेकायला हवी तिथे घसरली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"ही अर्धी मी खाल्ली," ते म्हणाले. "दोनशे वर्षं टिकली होती."

"भरता येईल ना? दुसऱ्याचं माप आहे," बाई हळूच म्हणाल्या. "चापही पुन्हा वाकवता येईल."

"येईल. कुणाला कळणारही नाही," काका म्हणाले. "म्हणूनच नको. आता जे करीन ते माझं होईल, त्याचं नाही. ओरखडेसुद्धा असेच राहू द्या. लोकांना दिसू देत."

बाईंनी मान हलवली. मग टेबलावर बोटं वाजवत म्हणाल्या, "नुसती पिस्तुलं ठेवून लोकांना काही समजणार नाही. फोटो लागेल, धरलेल्या हाताचा. मोजा न घालता." आणि त्या नुसत्या काकांकडे बघत राहिल्या.

"मेहुण्याला बोलवू का पुढे उभं राहायला?" काका म्हणाले. पण हात त्यांनी पुढे केला होता.

नवव्या दिवशी दालन उघडलं. मधल्या कपाटात दोन पिस्तुलं. एक सबंध, एक ओरखड्यांचं. दोघांच्या मधे अंगठ्याएवढा अक्रोडाचा तुकडा, आणि शेजारच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं की हा कुणी बसवला, का बसवला आणि का काढला. पाटीवरचं नाव आईवडिलांनी ठेवलेलं. मागे भिंतीवर तो फोटो, पुरुषभर उंचीचा. पिस्तूल, आणि ते धरलेला चार बोटांचा हात.

लोक आधी फोटोपुढे थबकायचे, मग वाकून खळगे बघायचे, आणि मग नकळत आपली तर्जनी दुमडून हवेत काहीतरी धरून पाहायचे. काका खांबाआड उभे राहून हे बघत होते. कुणी त्या तुकड्याची तारीफ करत नव्हतं. सगळे त्या मिस्त्रीबद्दल बोलत होते. काकांना वाटलं होतं की आपल्याला वाईट वाटेल. पण कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय माणूस असेल हो तो!" आणि काकांची छाती अशी फुगली की जणू तो त्यांचा सख्खा भाऊ.

बायको नवी साडी नेसून आली होती. तिने पाटी शेवटपर्यंत वाचली, पिस्तुलं पाहिली.

"ह्या मिस्त्रीचं नाव नाही कुठे?"

"कुठून असणार? चोरून केलेलं काम. कुणी सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही."

"मागावं कशाला लागतं," ती म्हणाली. "तुम्ही मागितलं होतंत का?"

काकांना खिडकीखालची फळी आठवली. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. ती मात्र आता मान वर करून भिंतीवरच्या त्या भल्यामोठ्या हाताचं निरीक्षण करत होती.

"एवढा मोठा फोटो काढायचा होता," ती म्हणाली, "तर नखं तरी कापायचीत."

काकांनी हात खिशातून काढला आणि भर गर्दीत, दिव्याखाली धरून नखं बघितली. तिचं बरोबर होतं.